बाहेर गेलेला टॅग हलवू नकोस
गिटमध्ये (कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं साधन) प्रत्येक रिलीजला, म्हणजे गिऱ्हाईकाला दिलेल्या आवृत्तीला, कायमची वेगळी ब्रँच ठेवायची का, असं विचारलंस. तशी गरज नाही. ब्रँच म्हणजे कामाची शाखा, ती प्रत्येक कमिटबरोबर (नोंदवलेल्या बदलाबरोबर) पुढे सरकते. टॅग म्हणजे नाव दिलेली खूण, तो एकाच कमिटला चिकटून राहतो. गिऱ्हाईकाकडे नेमकं काय गेलं, ते टॅगच सांगतो.

अक्कलकोट रोडवरच्या एका चादर कारखान्याला आम्ही बिलिंगचं सॉफ्टवेअर दिलं होतं. १.४.० चा टॅग लावल्यावर चूक दिसली. मी ती दुरुस्त केली आणि तोच टॅग जबरदस्तीने नव्या कमिटवर नेला. सहकाऱ्याकडे मात्र जुनाच राहिला, कारण एकदा आलेला टॅग फेच केल्यावर (सर्व्हरवरचं नवं आणल्यावर) आपोआप बदलत नाही. त्याने त्या जुन्या टॅगवरूनच बिल्ड (चालवायला तयार सॉफ्टवेअर) कारखान्याला दिला. दोन दिवस जीएसटीची बेरीज चुकत होती, आणि दोघांच्याही स्क्रीनवर १.४.० च! फार वाईट वाटलं होतं मला.

म्हणून टॅग न हलवता १.४.० वरून छोटी ब्रँच काढ, दुरुस्ती कर, १.४.१ चा टॅग लाव. दुरुस्ती मेनमध्येही (मुख्य ब्रँचमध्ये) मर्ज कर, म्हणजे मिसळ, नाहीतर पुढच्या रिलीजला तोच बग परत येईल. मग ब्रँच खुशाल काढून टाक, टॅगमुळे कमिट शाबूत राहतं.

टॅग ॲनोटेटेडच (माहितीसकट) लाव, कोणी, कधी, कशासाठी लावला ते त्यात राहतं. आणि हो, साध्या पुशने टॅग सर्व्हरवर जात नाही, तो वेगळा पुश करावा लागतो.