लंडन की लँकेस्टर? मास्टर्सला येण्याआधी एवढं बघा

तुमच्याकडे दोन ऑफर आहेत, एक लंडनच्या मध्यवस्तीतल्या विद्यापीठाची आणि दुसरी उत्तर इंग्लंडमधल्या लँकेस्टरची. दोन्हीकडे विषय डेटा सायन्सच. घरचे म्हणतायत, 'लंडन मिळतंय तर दुसरीकडे कशाला?' आणि तुम्ही स्वतःबद्दल लिहिलंय की आपणहून ओळखी काढणं जमत नाही, पण कोणी हाक मारली की रमता. माझं मास्टर्स लंडनचं, आणि नोकरीमुळे आता मी मँचेस्टरला असते. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या शेवटच्या वाक्यातच आहे.

लंडनची जी वाहवा ऐकता ती खोटी नाही. राष्ट्रीय संग्रहालयांना तिकीट नाही, ब्रिटिश लायब्ररीत रीडर पास काढून दिवसभर बसता येतं, एलएसई म्हणजे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या सार्वजनिक व्याख्यानांना बाहेरचा माणूसही जाऊ शकतो. पण बघा, यातलं काहीच तुमच्या विद्यापीठाने दिलेलं नाही. ते शहराचं आहे, आणि लँकेस्टरहून अडीच-तीन तासांच्या रेल्वेने लंडनच्या युस्टन स्टेशनवर उतरणाऱ्यालाही ते मिळतं. त्यामुळे शहराचे गुण विद्यापीठाच्या खात्यात जमा करू नका.

विद्यापीठाच्या खात्यात काय येतं? ब्रिटनमधलं टॉट मास्टर्स, म्हणजे संशोधनापेक्षा वर्गांवर भर असलेलं, एका वर्षाचं असतं. सप्टेंबरअखेरीस सुरू होतं, वसंतापर्यंत बहुतेक वर्ग संपतात आणि उन्हाळा प्रबंधात जातो. वर्गातले तास थोडेच, बाकी अभ्यास आपला आपण. म्हणजे वर्गाबाहेरचा वेळ कुठे आणि कोणासोबत जातो, यावर वर्षाचा रंग ठरतो. लंडनमधल्या बऱ्याच कॉलेजांना कुंपण नाही. रस्त्याला लागून इमारती, मधून बस जातेय, आणि लेक्चर सुटलं की जो तो आपल्या ट्यूबच्या, म्हणजे भुयारी रेल्वेच्या लाइनकडे. एक वर्गमित्र स्ट्रॅटफर्डला, दुसरी टूटिंगला, तिसरा वेम्बलीला. भेटायचं तर चार दिवस आधी ठरवावं लागतं, आणि ठरवणारं कोणीतरी लागतं. ते कोणीतरी बहुधा तुम्हालाच व्हावं लागेल. ज्यांना हे जमतं त्यांच्यासाठी लंडनसारखं शहर नाही. ज्यांना जमत नाही ते लाखो माणसांत खोलीचं दार लावून बसतात, आणि त्यांची चौकशी कोणी करत नाही. शहर दुष्ट आहे म्हणून नव्हे, प्रत्येकजण घाईत असतो म्हणून.

लँकेस्टरचा कॅम्पस बेलरिगला, गावापासून साधारण पाच किलोमीटर दक्षिणेला. वसतिगृहं, लायब्ररी, वर्ग, दुकानं सगळं 'स्पाइन' नावाच्या एका लांब पायवाटेच्या आजूबाजूला. विद्यार्थ्यांची विभागणी कॉलेजांमध्ये, म्हणजे विद्यापीठातल्याच निवासी गटांमध्ये, असते आणि पदव्युत्तरांसाठी वेगळं ग्रॅज्युएट कॉलेज आहे. तेच तेच चेहरे रोज दिसतात, त्यामुळे ओळख काढावी लागत नाही, ती होऊन जाते. याचीच दुसरी बाजू अशी की कोणाशी बिनसलं तरी तोच चेहरा उद्याही समोर. शिवाय नाताळच्या सुट्टीत इथली मुलं घरी जातात, कॅम्पस ओस पडतो आणि सूर्य चारच्या आधी मावळतो. तेव्हा करमत नाही, हे आधीच गृहीत धरा.

पैशांचा फरक तर व्हिसाच सांगतो. नोव्हेंबर 2025 पासून राहण्याच्या खर्चापोटी लंडनसाठी महिना 1,529 पाउंड दाखवावे लागतात, बाहेर 1,171. नऊ महिन्यांचे अनुक्रमे 13,761 आणि 10,539. हे दाखवायचे आकडे, प्रत्यक्ष खर्च हॉल, म्हणजे वसतिगृह, कोणता यावर. स्टुडंट ऑयस्टर या लंडनच्या प्रवासी कार्डाची 30 टक्के सवलतही ऐकली असेल. ती ट्रॅव्हलकार्ड आणि बस पासवर आहे, कार्ड टॅप करून केलेल्या एकेका प्रवासावर नाही. आठवड्यात तीनच दिवस कॉलेज असेल तर तिचा फारसा उपयोग होत नाही.

आता नोकरी, म्हणजे घरच्यांचा खरा मुद्दा. बँकिंग, कायदा, माध्यमं, सरकारी धोरण यांत लंडनला राहण्याचा फायदा आहे, वाद नाही. पण विमानाची इंजिनं डर्बीत बनतात, एअरबसचं काम ब्रिस्टलजवळ फिल्टनला चालतं, जीवशास्त्रातलं केंब्रिजभोवती. डेटाची कामं या सगळ्यांकडे असतात, आणि मुलाखतीच्या पहिल्या फेऱ्या बहुतेक ऑनलाइनच होतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्या मास्टर्सवाल्यांना ग्रॅज्युएट व्हिसा, म्हणजे शिक्षणानंतर इथे राहून काम करण्याचा, दोन वर्षांऐवजी 18 महिन्यांचा मिळेल. शोध लवकर सुरू करावा लागेल, शहर कुठलंही असो. आणि उन्हाळ्यात पूर्णवेळ काम करून पैसे जमवू, असा बेत असेल तर तो सोडा. मास्टर्सचा प्रबंधाचा काळ सत्रातच धरतात, म्हणून तेव्हाही आठवड्याला 20 तासांचीच मर्यादा.

तुमच्या स्वभावाकडे बघून मी लँकेस्टर म्हणेन. लंडनच्या कोर्सला एखाद्या कंपनीसोबतचा प्रकल्प खात्रीने जोडलेला असेल तर माझं मत बदलेल. 'संधी असतात' असं मोघम उत्तर आलं तर बदलणार नाही. (अजून अर्ज करण्याची मुदत असेल तर मँचेस्टर आणि लीड्सही बघा. मँचेस्टरला ऑक्सफर्ड रोडवर एका रांगेत दोन विद्यापीठं आहेत. शहर मोठं, पण विद्यार्थी एका पट्ट्यात.)

डिपॉझिट भरण्याआधी दोन्हीकडे मागच्या वर्षीचं वेळापत्रक मागा, आठवडा प्रत्यक्षात कसा जातो ते त्यात दिसतं. वर्ग कुठल्या इमारतीत होतात तेही विचारा. लंडनच्या इमारतीचा आणि हॉलचा पोस्टकोड टीएफएलच्या, म्हणजे तिथल्या सार्वजनिक वाहतूक संस्थेच्या, जर्नी प्लॅनरमध्ये टाका आणि वेळ सकाळी साडेआठची द्या. नुसत्या नावावर जाऊ नका. रॉयल हॉलोवे हे कॉलेज लंडन विद्यापीठाचाच भाग (हे विद्यापीठ म्हणजे अनेक कॉलेजांचा संघ), पण कॅम्पस आहे सरेमधल्या एगमला.

आणि लंडनच ठरलं, तर खाजगी फ्लॅट शोधण्याआधी तुमचं कॉलेज लंडन विद्यापीठाचं सदस्य आहे का ते बघा. असेल तर ब्लूम्सबरी भागातल्या त्यांच्या सामाईक हॉलना अर्ज करता येतो. तिथे वेगवेगळ्या कॉलेजांची मुलं एकत्र राहतात, आणि काही हॉलमध्ये जेवणही असतं. एकाच टेबलावर रोज जेवणाऱ्यांची ओळख व्हायला कोणाला पुढाकार घ्यावा लागत नाही. अर्ज मात्र वेळेत करा.