वृद्धसेवा केंद्रातील प्रशिक्षण: खेळ शोधण्याआधी शनिवारची दुपार रद्द करा

आपण वर्णन केलेली परिस्थिती मला चांगलीच ओळखीची आहे. ४० खाटांचे केंद्र, निम्म्याहून अधिक आजी-आजोबा अंथरुणाला खिळलेले किंवा स्मृतिभ्रंश असलेले, दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी दोन तासांचे प्रशिक्षण, बाहेरून बोलावलेले वक्ते, पडद्यावर चित्रे, आणि समोर पेंगणाऱ्या मावशी. हे प्रशिक्षण रंजक करण्यासाठी कोणते खेळ घ्यावेत, असे आपण विचारले आहे. रुग्णालयात परिचारिका म्हणून आणि त्यानंतर पुणे परिसरातील दोन वृद्धसेवा केंद्रांत पर्यवेक्षिका म्हणून केलेल्या कामाच्या अनुभवावरून मी एवढेच सुचवेन की, खेळांचा विचार नंतर करावा; आधी ती शनिवारची दुपार रद्द करावी.

बारा तासांच्या पाळीत काम करणारी बाई दुपारी दोन वाजता पेंगते, तेव्हा ती आळशी नसते. एक तर तिला रात्रपाळी संपल्यावर घरी न सोडता थांबवून घेतलेले असते, नाहीतर तिच्या वाट्याचे आठ-दहा रहिवासी दुसरीच्या गळ्यात घालून ती सभागृहात बसलेली असते, आणि अमुक आजींचा डायपर बदलायची वेळ टळून गेली हाच विचार तिच्या डोक्यात असतो. हे समजायला मला स्वतःला दोन वर्षे लागली. सुरुवातीला मीही जानेवारीत बसून वर्षाचे बारा विषय ठरवले होते, कारण तपासणीच्या फायलीत तसा तक्ता शोभून दिसतो. त्या वर्षी मार्चमध्ये तक्त्याप्रमाणे अग्निसुरक्षा शिकवली गेली, आणि नेमक्या त्याच महिन्यात आमच्या तीन रहिवाशांच्या टाचांना जखमा होऊ लागल्या होत्या.

तेव्हापासून मी विषय तक्त्यातून न घेता पाळी बदलताना लिहिल्या जाणाऱ्या नोंदवहीतून घेऊ लागले. दर सोमवारी मागील आठवड्याच्या नोंदी एका सिस्टरने आणि एका अनुभवी मावशीने एकत्र वाचाव्यात: कोण पडले, कोणाला जेवताना ठसका लागला, कोणाची त्वचा लाल झाली, कोणी आंघोळीला नकार दिला. त्यातला एकच विषय त्या आठवड्यासाठी निवडावा. पाळी बदलण्याच्या वेळी पंधरा मिनिटे, त्याच मजल्यावर, शक्य तर त्याच खाटेपाशी, सोमवारी करून दाखवावे, बुधवारी त्यांच्याकडून करून घ्यावे आणि शनिवारी त्यांनी ते एखाद्या नवीन मुलीला शिकवावे. शिकलेले किती वेगाने विसरले जाते, याचे मोजमाप जर्मन मानसशास्त्रज्ञ हेरमान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच मांडले होते. दोन तासांच्या एका व्याख्यानापेक्षा पंधरा मिनिटांच्या तीन भेटी अधिक टिकतात, हे मात्र कोणतीही अनुभवी मावशी पुस्तकाविना सांगेल. ही पंधरा मिनिटे कामाच्या वेळेतच धरावीत आणि त्यांचे पैसे द्यावेत. फुकटात थांबवून घेतलेल्या माणसाचे लक्ष मागण्याचा आपल्याला अधिकार नाही.

उदाहरणादाखल शय्याव्रणाचे, म्हणजे सतत अंथरुणावर पडून राहिल्याने होणाऱ्या जखमांचे, सत्र सविस्तर सांगते, कारण याच विषयात सर्वाधिक चुकीच्या सवयी असतात. दोन मावशींना लाकडी बाकावर उताणे झोपवावे आणि अजिबात हलायचे नाही, असे सांगून इतरांशी बोलणे सुरू करावे. दहा मिनिटांत त्या चुळबुळू लागतात. कोठे दुखते असे विचारले की माकडहाड, टाचा, खांद्याची पाती आणि डोक्याची मागची बाजू ही नावे त्या स्वतःच घेतात, आणि शय्याव्रणाच्या जागांची यादी वेगळी शिकवावी लागत नाही. मग एका उशीच्या आधाराने सुमारे ३० अंशांत कूस कशी द्यायची, साधारणपणे दर दोन तासांनी ती का बदलायची, आणि उशी पोटरीखाली ठेवून टाच अधांतरी कशी ठेवायची, हे त्याच बाकावर दाखवावे. लाल जागेवर बोटाने दाबून बोट काढल्यावर ती क्षणभर फिकट झाली नाही, तर ती जखमेची पहिली पायरी असते आणि सिस्टरला तत्काळ सांगावे लागते. आपल्याकडील सावळ्या त्वचेवर लाली स्पष्ट दिसत नाही, म्हणून ती जागा भोवतालच्या त्वचेपेक्षा गरम किंवा कडक लागते का, हे हाताने पाहण्याची सवय लावावी. आणि एक गोष्ट प्रेमाने पण ठामपणे मोडून काढावी लागते, ती म्हणजे लाल झालेल्या जागेवर खोबरेल तेल लावून चोळणे. मावशी ते मायेपोटीच करतात, पण आतल्या नाजूक उतींना त्याने इजाच होते. कोणाला शय्याव्रणाचा किती धोका आहे हे गुणांनी मोजण्यासाठी १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेली ब्रेडन मापनपद्धती आहे, मात्र ती सिस्टरांनी वापरावी. मावशींच्या माथी तिचे सहा रकाने मारण्यात अर्थ नाही.

भरवण्याचे सत्रही असेच अंगावर घेऊन शिकण्याचे आहे. जोड्या करून एकीने डोळे मिटून, हात मांडीखाली ठेवून बसावे आणि दुसरीने उभे राहून, काही न बोलता, भरभर वरणभात भरवावा. तिसऱ्या घासाला बहुतेक जणी तोंड फिरवतात आणि हसू लागतात. त्या हसण्यानंतर जे शिकवाल ते लक्षात राहते. भरवणारीने समोर बसावे, रहिवाशाला ताठ बसवावे, अर्धाच चमचा द्यावा, घास गिळल्याची खात्री करूनच पुढचा घास द्यावा, जेवणानंतर निदान अर्धा तास आडवे करू नये, आणि खाताना आवाज ओला (घशात पाणी असल्यासारखा) किंवा घोगरा झाला तर थांबून सिस्टरला बोलवावे. हातांच्या स्वच्छतेसाठी पडद्यावरच्या चित्रांची गरज नाही. तेलात कालवलेले कुंकू तळहातांना चोळून नेहमीसारखे हात धुवायला सांगितले, की अंगठ्याच्या मुळाशी, बोटांच्या बेचक्यांत आणि नखांत लाल रंग राहतो. जागतिक आरोग्य संघटना साबणाने हात धुण्याच्या संपूर्ण क्रियेला ४० ते ६० सेकंद लागतात असे का सांगते, हे मग विचारावे लागत नाही.

स्मृतिभ्रंशाच्या बाबतीत मात्र शिकवणारी व्यक्ती बदलावी. आमच्याकडे एक आजी रोज दिवेलागणीला दाराशी जाऊन ‘मला घरी जायचंय, मुलं शाळेतून येतील’ म्हणून रडत असत. डॉक्टरांनी त्याचे कारण समजावले, सिस्टरांनी समजूत घातली, पण उपाय मराठवाड्यातून आलेल्या, सातवीपर्यंत शिकलेल्या एका मावशींना सापडला. त्या साडेपाचलाच आजींच्या हाती कापूस देत आणि ‘सांजवातीला वाती वळून ठेवा’ असे सांगत. आजींच्या हातांना ते काम ठाऊक होते आणि संध्याकाळच्या त्या हुरहुरीला एक जागा मिळाली. ब्रिटनमध्ये मानसशास्त्रज्ञ टॉम किटवुड यांनी आजाराकडे पाहण्याआधी माणसाकडे पाहण्याचा जो विचार मांडला, तोच या मावशींनी न वाचता आचरणात आणला होता. त्या आठवड्याचे सत्र मी त्यांनाच घ्यायला सांगितले. आपल्या केंद्रातही अशी कोणीतरी असणारच. तिला शोधण्यासाठी कोणता रहिवासी कोणाच्या हातून जेवतो, एवढे पाहिले तरी पुरे.

लेखी परीक्षा घेऊ नका आणि कोणाला सर्वांसमोर मोठ्याने वाचायला लावू नका. निम्म्या कर्मचाऱ्यांना मराठी वाचताना अडखळायला होते, काही जणी परराज्यातून आलेल्या असतात, आणि त्या एका क्षणाच्या लाजेने पुढची सहा सत्रे वाया जातात. समजले का, असे विचारले तर सगळ्या जणी हो म्हणतात. करून दाखवा म्हटले की खरे काय ते कळते.

बाहेरचे वक्ते पूर्णपणे बंद करावेत असे मी म्हणत नाही. उचलण्या-वळवण्याचे तंत्र शिकवायला भौतिकोपचारतज्ज्ञ (फिजिओथेरपिस्ट) बोलवावेत, आणि त्याची सुरुवात कर्मचाऱ्यांच्या स्वतःच्या कंबरदुखीपासून करावी. आमच्याकडे सर्वाधिक प्रश्न त्याच सत्रात विचारले गेले. अग्निशमन दलाच्या जवानांकडून चादरीवरून माणूस ओढत जिन्यापर्यंत नेण्याचा सराव प्रत्यक्ष करून घ्यावा, तोही रात्रपाळीला जेवढे कर्मचारी असतात तेवढ्यांनीच.

विश्वस्तांशी मात्र एक बोलणे आधीच करून घ्यावे लागेल. एका केंद्रात आजी पडल्या म्हणून मावशींच्या पगारातून पैसे कापले गेले, आणि पुढचे तीन महिने नोंदवहीत पडण्याची एकही नोंद आली नाही. पडणे थांबले नव्हते, लिहिणे थांबले होते. ज्या नोंदींवर आपले संपूर्ण नियोजन उभे राहणार आहे, त्या शिक्षेच्या भीतीने कोऱ्या राहिल्या तर प्रशिक्षण पुन्हा त्या जानेवारीच्या तक्त्याकडेच जाईल. म्हणून चूक सांगणाऱ्यास दंड होणार नाही, हे व्यवस्थापनाने सर्वांसमोर सांगावे. उपस्थितीच्या सह्यांऐवजी नव्याने झालेल्या शय्याव्रणांची संख्या, पडण्याच्या घटना आणि वजन घटलेले रहिवासी, हे तीन आकडे दर महिन्याला कर्मचारी जेवतात त्या खोलीतील फळ्यावर लिहावेत. पहिल्या एक-दोन महिन्यांत आकडे वाढलेले दिसतील. त्याने घाबरू नये. आता खरे लिहिले जाऊ लागले, असा त्याचा अर्थ असतो.

आपण रात्रपाळीचा उल्लेख केलेला नाही, पण प्रशिक्षणातून सर्वाधिक जणी तिथेच सुटून जातात. रात्री आठला पाळी बदलताना औषधे आणि डायपर यांची धांदल असते, त्यामुळे आम्ही ते सत्र रात्री अकराच्या फेरीनंतर, चहाबरोबर, सिस्टरांच्या टेबलापाशी घेत असू, आणि महिन्यातून दोनदा मी स्वतः त्यासाठी थांबत असे.