थायरॉईड सांगून भागत नाही

टेबलापलीकडून : नोकरीतले प्रश्न, वाचकांची पत्रं

प्रश्न : मॅडम, सप्रेम नमस्कार. माझं वय ३१. सातपूरला एका छोट्या कंपनीत क्वालिटीला आहे. २०१९ मध्ये मला बायपोलर असल्याचं निदान झालं, तेव्हा तीन आठवडे ॲडमिट होतो. लिथियम चालू आहे, त्यानंतर पुन्हा तशी वेळ आलेली नाही. आता सिन्नरच्या एका मोठ्या कंपनीची ऑफर आलीय. पगार जवळजवळ दीडपट. पाळ्या तीन आहेत. रुजू होण्याआधी मेडिकल आहे, त्याचा फॉर्म त्यांनी दिलाय. त्यात बीपी, शुगर, फिट्स यांच्याखाली 'मानसिक आजार : आहे / नाही' अशी ओळ आहे. बायको म्हणते, 'नाही'वर टिक करा, कोण बघायला येतंय. मित्र म्हणतो, नंतर कळलं तर घरी बसवतील. सासरी अजून कुणाला माहीत नाही. काय करू?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर : तुमचं पत्र आलं त्याच संध्याकाळी आपण फोनवर बोललो. ते बोलणं इथे जरा सविस्तर लिहितेय. तुमच्या सांगण्यावरून दोन-तीन तपशील बदलले आहेत.

तुमच्या पत्रात मी एकाच वाक्याखाली पेन्सिलने रेघ मारली : 'पाळ्या तीन आहेत.' तुम्ही ते पगाराच्या मागोमाग सहज लिहून गेलात. फोनवर विचारलं तेव्हा म्हणालात, डॉक्टर दर वेळी बजावतात की झोप मोडू देऊ नका. २०१९ चं ते प्रकरणही सलग चार रात्री जागून काम केल्यावरच सुरू झालं होतं. म्हणजे फॉर्मवर काहीही टिक केलंत, तरी पहिल्या किंवा दुसऱ्या महिन्यात तिसऱ्या पाळीचा आठवडा येणार, आणि तेव्हा तुम्हाला तोंड उघडावंच लागणार. रुजू झाल्यावर 'रात्रपाळी जमणार नाही' म्हणणारा माणूस कामचुकार ठरतो. तेच रुजू होण्याआधी कागदावर सांगितलं, तर ती एक अट असते आणि अटीवर बोलता येतं.

मी तीस वर्षं पर्सोनेलमध्ये काढली (आता त्याला एचआर म्हणतात). तेव्हा पलीकडच्या खुर्चीतून काय दिसतं ते सांगते, आणि त्यात माझीच चूक आधी.

आमच्याकडे एक फिटर दोन महिन्यांच्या रजेनंतर कामावर आला. सोबत सरकारी दवाखान्याचा कागद, त्यावर आजाराचं नाव इंग्रजीत स्वच्छ लिहिलेलं. मी तो कागद नेहमीसारखा रजेच्या अर्जाला टाचला आणि फाइल सहीसाठी डिपार्टमेंटला पाठवली. तिथल्या क्लार्कने वाचला. दिवाळीपर्यंत कँटीनमध्ये त्याला 'ठाण्याचं तिकीट काढलं का?' असं विचारायला लागले होते. ठाण्याला काय आहे ते आपल्याकडे वेगळं सांगावं लागत नाही. त्याने आधी बदली मागितली, मग राजीनामा दिला. माझ्याकडून फक्त एक टाचणी लागली होती. कंपनीत गोष्ट फुटते ती बहुतेक वेळा अशी, कुणाच्या दुष्टपणाशिवाय.

म्हणून पहिली गोष्ट : आजाराचं नाव रजेच्या अर्जावर, मेलमध्ये, व्हॉट्सॲपवर किंवा सुपरवायझरच्या कानात जाऊ देऊ नका. सुपरवायझर कितीही चांगला असला तरी. उद्या त्याची बदली होईल, तुमची गोष्ट तिथेच राहील.

दुसरी गोष्ट बायकोच्या सल्ल्याबद्दल. त्यांच्या भीतीत तथ्य आहे, पण त्या फॉर्मच्या तळाशी काय छापलंय ते वाचा. 'वरील माहिती खोटी आढळल्यास सेवा समाप्त करण्यात येईल', आणि खाली तुमची सही. ज्या आजारावरून तुम्हाला काढणं त्यांना जड गेलं असतं, त्यासाठी तुम्ही त्यांच्या हातात खोट्या सहीचं आयतं कारण देणार. न विचारलेलं न सांगणं तुमचा हक्क आहे. विचारलेल्यावर 'नाही' लिहून सही करणं वेगळं.

आणि खोटं निभवायला किती मेहनत लागते ते मला माहीत आहे. यजमान गेल्यावर मी अडीच वर्षं डिप्रेशनच्या गोळ्या घेत होते. ऑफिसात सांगितलं, थायरॉईड आहे. एकदा आमच्या शिपायाने विचारलं, "मॅडम, थायरॉईडची गोळी तर सकाळी अनशापोटी घेतात, तुम्ही डबा खाल्ल्यावर कशी घेता?" त्याच्या बहिणीला थायरॉईड होता. पुढे सहा महिने मी गोळी बाथरूममध्ये जाऊन घेतली. सांगणाऱ्यांना धीट आणि लपवणाऱ्यांना भित्रं म्हणायचा अधिकार मला नाही. पण तेव्हा मला कुणी फॉर्मवर सही मागितली नव्हती.

मग फॉर्मवर काय लिहायचं? त्या ओळीवर टिक न करता शेजारी लिहा : 'माहिती कंपनीच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना समक्ष देत आहे.' बरोबर तुमच्या मानसोपचारतज्ज्ञांचं पत्र बंद पाकिटात न्या. पत्र दोन-तीन ओळींचं पुरे : हे माझ्या उपचाराखाली आहेत, प्रकृती स्थिर आहे, कामासाठी फिट आहेत, रात्रपाळी टाळावी, ठरावीक दिवसांनी रक्ततपासणीसाठी अर्धा दिवस लागेल. आजाराचं नाव घालायचं की नाही, हे डॉक्टरांशी बोलून ठरवा. माझं मत, घालू नये. कंपनीच्या डॉक्टरांनी विचारलं तर तोंडी सांगावं. पाकीट एचआरच्या मुलीकडे देऊ नका, ती बिचारी माझ्यासारखीच टाचणी लावेल.

कंपनीच्या डॉक्टरांना सांगण्यात तुमचा स्वतःचाही फायदा आहे. शॉपफ्लोअरवर उन्हाळ्यात घाम जातो, पाणी प्यायचं राहतं, आणि अंग दुखलं की प्रथमोपचार पेटीतली कॉम्बिफ्लाम तोंडात टाकतात. लिथियम घेणाऱ्याने तसं करायचं नसतं. शरीरातलं पाणी कमी झालं किंवा आयबुप्रोफेनच्या जातीच्या (कॉम्बिफ्लाममध्ये तेच असतं) गोळ्या घेतल्या की रक्तातलं लिथियम वाढू शकतं. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलंच असेल, पण चक्कर येऊन पडलात तर पेटी उघडणाऱ्याला ते कुठून कळणार?

फोनवर कायद्याचंही विचारलंत. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम २३ ने उपचार करणाऱ्यांवर गोपनीयतेचं बंधन घातलंय. तुमचे डॉक्टर कंपनीला परस्पर काही सांगू शकत नाहीत. ते बंधन एचआरच्या टेबलावर तसंच्या तसं लागू होत नाही, म्हणून तर वरचा सगळा खटाटोप. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार येतो. त्यानुसार खाजगी आस्थापनेलाही 'समान संधी धोरण' जाहीर करावं लागतं. सिन्नरच्या त्या कंपनीच्या वेबसाइटवर ते शोधा. सापडलं तर वाचा, आणि मुलाखतीत तिथल्या एचआरचा चेहरा कसा होता तेही आठवा. मी दुसऱ्यावर जास्त भरवसा ठेवीन.

सरकारी नोकरीतल्या वाचकांचं गणित वेगळं आहे. नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून सरकारी आस्थापनेला काढून टाकता येत नाही की पदावनत करता येत नाही, हे याच कायद्याच्या कलम २० मध्ये आहे. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या मानसिक आजाराची दखल घेऊन शिस्तभंगाची कारवाई रद्द केली. खाजगी कंपनीत, तेही रुजू होण्याआधी, एवढा भक्कम आधार हाताशी असतो असं मी तुम्हाला सांगणार नाही. ऑफर जाऊ शकते. 'अशी कंपनी तुम्हाला नकोच होती' असं म्हणून मी त्यावर साखर पेरणार नाही, दीडपट पगार हा दीडपट पगार असतो.

विम्याच्या फॉर्मवर मात्र लपवाछपवी अजिबात नको. दावा फेटाळला गेला तर भोगायचं घरच्यांना. आणि सासरचं तुम्ही दोघं बघा, त्यात मी पडत नाही.

अंक छापायला जाताना तुमचा फोन आला. कंपनीच्या डॉक्टरांनी पत्र ठेवून घेतलं, लिथियम किती वर्षं चालू आहे एवढं विचारलं, आणि पहिल्या दोन पाळ्यांचं बघतो म्हणाले. एचआरने रुजू होण्याची तारीख पंधरा दिवस पुढे ढकललीय, कारण सांगितलेलं नाही. पाळ्यांचं लेखी आल्याशिवाय सातपूरचा राजीनामा देऊ नका.