मेळघाटच्या वाटेवरची खानावळ आणि दीड तासाची भूक

प्रश्न : गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघे, दोन मुले आणि माझे आईवडील असे सहा जण पुण्याहून मेळघाटात गेलो होतो. परतवाड्याहून सेमाडोहकडे जाताना रस्त्यालगत सागाच्या झाडांमध्ये कुडाच्या भिंतींची एक खानावळ दिसली. जागा फार आवडली, म्हणून उतरलो आणि भाकरी, पिठले व गावरान कोंबडी सांगितली. दीड तास झाला तरी ताटे आली नाहीत. मुलांनी तो वेळ माकडांना बिस्किटे घालण्यात काढला. आईला मधुमेह आहे. तिला घाम सुटला, हात थरथरू लागले, तेव्हा गाडीतला गूळ तिला देऊन आम्ही न जेवताच निघालो. यंदा पुन्हा त्याच भागात जायचे आहे. अशा ठिकाणी जेवावे का, की सरळ डबे बांधून न्यावेत? — एक वाचक, पुणे

उत्तर : आपण तत्काळ गूळ दिलात, हे फार योग्य केलेत. मधुमेहाची काही औषधे आणि इन्सुलिन जेवणाआधी घ्यावे लागते. ते घेतल्यावर जेवण लांबले, तर रक्तातील साखर झपाट्याने खाली येते आणि आपण वर्णन केलेली लक्षणे दिसू लागतात. म्हणून जंगलाच्या वाटेवर एक नियम कटाक्षाने पाळावा : जेवणाआधीची गोळी किंवा इंजेक्शन, ताट प्रत्यक्ष समोर आल्याशिवाय घेऊ नये. वेळापत्रकात असा बदल करण्याविषयी आईंच्या डॉक्टरांशी निघण्यापूर्वीच बोलून घ्यावे. शिवाय त्यांच्या स्वतःच्या पिशवीत साखर किंवा ग्लुकोजची पूड आणि फुटाणे असू द्यावेत. गाडीच्या डिकीत ठेवलेला खाऊ ऐन वेळी हाताशी लागत नाही.

आता त्या दीड तासाविषयी. आपला राग मला समजतो, तरीही त्या खानावळीत कोणी हयगय केली असेल असे मला वाटत नाही. अशा ठिकाणी सहसा एक किंवा दोन चुली असतात आणि स्वयंपाक करणारी बाई एकटीच असते. हरिसालच्या अलीकडे अशाच एका खानावळीत मी चुलीपाशी बसून भाकरी होताना पाहिली आहे. गव्हाच्या कणकेसारखा ज्वारीच्या पिठाला चिकटपणा नसतो, त्यामुळे सगळे पीठ एकदम भिजवून ठेवता येत नाही. ती बाई एका भाकरीपुरते पीठ परातीत घेई, गरम पाण्याने तळहाताच्या टाचेने रगडून रगडून मऊ करी, थापी, तव्यावर टाकी, वरून ओल्या हाताने पाणी फिरवी आणि उलटल्यावर तवा बाजूला सारून ती निखाऱ्यांसमोर उभी करी. भाकरी टम्म फुगली की दुसरीचे पीठ परातीत पडे. एका भाकरीला साधारण ३ मिनिटे धरली, तरी सहा माणसांच्या १२ भाकऱ्यांना ३५ ते ४० मिनिटे लागतात आणि तेवढा वेळ ती चूल दुसऱ्या कशासाठी मोकळी नसते. गावरान कोंबडी तर ऑर्डर आल्यावरच कापली जाते. ती साफ करणे, मसाला भाजून पाट्यावर वाटणे आणि मग रस्सा शिजवणे यांत सव्वा तास सहज जातो. आदल्या दिवशीचे मटण गरम करून वाढण्याची सोय तिथे नसते, कारण शीतपेटी नसते आणि असली तरी विजेचा भरवसा नसतो. आपल्याला ज्या ताजेपणाचे अप्रूप वाटले, त्याचीच ही वेळ आहे.

म्हणून माझा सल्ला असा, की जरूर जेवावे, मात्र भूक लागल्यावर खानावळ शोधू नये. सकाळी त्या रस्त्याने जाताना थांबून माणसे किती, भाकऱ्या किती, तिखट कितपत आणि परतण्याची वेळ कोणती, हे स्पष्ट सांगावे. शंभर-दोनशे रुपये आगाऊ द्यावेत, म्हणजे कोंबडी आणायला त्यांनाही धीर येतो. फोनवर विसंबू नये, कारण घाट लागल्यावर बऱ्याच ठिकाणी नेटवर्क मिळत नाही. न सांगता गेलात, तर चुलीवर जे तयार असेल ते मागावे. वरण-भात, बेसन (पिठल्याला वऱ्हाडात बेसनच म्हणतात), कढी, मिरचीचा ठेचा आणि हंगामात वांग्याचे भरीत किंवा तुरीच्या सोल्यांची भाजी, एवढे असले तर कोणाचेही जेवण उत्तम होते. मुलांसाठी पनीर किंवा नूडल्स मागू नयेत. ते साहित्य परतवाड्याहून येऊन किती दिवस पडून असेल, ते सांगता येत नाही.

चौकशी केल्यास क्वचित कुटकीचा भात मिळतो. कुटकी हे अगदी बारीक दाण्याचे भरडधान्य येथील कोरकू आदिवासींच्या शेतांत पिढ्यान्पिढ्या पिकत आले आहे. त्याचे टरफल काढण्याचे काम किचकट असल्याने खानावळीत ते रोज रांधले जात नाही, पण आदल्या दिवशी सांगून ठेवल्यास बहुधा आनंदाने करून देतात. कढीबरोबर हा भात मला इतका आवडला, की त्या प्रवासात मी पुन्हा तांदळाचा भात मागितला नाही. मात्र भरडधान्य म्हणून आईंनी तो हवा तेवढा खावा असे नव्हे. पिष्टमय पदार्थ त्यातही आहेत, तेव्हा प्रमाण नेहमीचेच ठेवावे.

स्वच्छतेविषयी आपण विचारले नाही, तरी वृद्ध माणसे आणि मुले बरोबर आहेत म्हणून सांगतो. मातीची जमीन, धुराने काळवंडलेले छप्पर आणि ठोके पडलेली ताटे पाहून बिचकण्याचे कारण नाही. चुलीवरून उकळता उतरलेला रस्सा आणि निखाऱ्यावरची भाकरी यांच्यापासून सहसा धोका नसतो. धोका असतो तो पाण्यापासून. पिण्याचे पाणी आपले घ्यावे आणि चिरून ठेवलेला कांदा-काकडी, पाणी घातलेले ताक व पातळ चटणी टाळावी. कांदा अख्खा मागून समोर फोडून घेतलेला बरा. हात धुण्याची जागा कोठे आहे आणि ताटे कोणत्या पाण्याने विसळतात, एवढे बसण्याआधी पाहिले तर पुढचे पुष्कळ कळते.

आणि माकडांना खाऊ घालू नये, ही गोष्ट मुलांना आवर्जून समजावावी. रस्त्यावर खायला मिळते हे एकदा कळले, की वानरांचा सबंध कळप पिल्लांसह रस्त्याकडेला बसू लागतो आणि वळणावरून भरधाव येणाऱ्या गाडीखाली सापडतो. परतवाडा-धारणी रस्त्यावर मेलेले पिल्लू उराशी धरून बसलेली वानरी मी पाहिली आहे आणि तेव्हापासून या बाबतीत मी कोणाचीही भीड ठेवत नाही. मेळघाट हा १९७४ पासूनचा व्याघ्रप्रकल्प आहे, देशातील पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी एक. तेथील रस्त्याकडेला आपण पाहुणे असतो. बिस्किटांची वेष्टने आणि पाण्याच्या बाटल्याही परत आणाव्यात. खाऊचा वास लागलेले प्लास्टिक चितळ-सांबरांच्या पोटात जाते.

प्रश्न : विदर्भातील दुसऱ्या एका जंगलाच्या रस्त्यावर जेवताना वाढप्याने हळूच विचारले, ‘रानातलं मटण आहे, देऊ का?’ आम्ही नको म्हटले, पण बरोबरच्या मित्राच्या मते एकदा चव घ्यायला हरकत नव्हती. योग्य काय? — एक वाचक, अकोला

उत्तर : नको म्हटलेत तेच योग्य. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार रानडुक्कर, ससा, चितळ, सांबर यांची शिकार करणे हा गुन्हा आहे आणि असे मांस जवळ बाळगणाऱ्यावरही कारवाई होते. त्यामुळे ‘मी मारले नाही, नुसते खाल्ले’ हा बचाव चालत नाही. कायदा क्षणभर बाजूला ठेवला, तरी ते मांस कोणत्या फासकीत अडकून किती तास तडफडलेल्या जनावराचे आहे, त्याला कोणता रोग होता, हे कोणी तपासलेले नसते. पुष्कळदा रानाचे म्हणून साधे डुकराचे मटणही चढ्या भावाने खपवले जाते. तेथे वाद घालू नये. बाहेर पडल्यावर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर ठिकाण आणि वेळ कळवावी. आपल्या मित्राला एवढेच सांगावे, की गिऱ्हाईक मिळते म्हणून फासकी लागते.

प्रश्न : चिखलदरा-सेमाडोह भागातील रबडी घरी नेता येते का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : नाशिकपर्यंत नेऊ नये. या भागातील गवळी म्हशींच्या दुधाची रबडी लाकडाच्या मंद आचेवर आटवतात. रुंद कढईच्या कडेला साय सारत सारत दूध आटून पाव हिश्श्यावर येते, तिला धुराचा किंचित वास असतो आणि तोच तिचा गुण आहे. पण ती बाहेर काही तासच टिकते. आज सकाळची आहे का हे विचारून, द्रोणात घेऊन तेथेच उभ्याने खावी. न्यायचेच असेल तर घट्ट भाजलेला खवा घ्यावा, तो थंड होऊ द्यावा, स्टीलच्या डब्यात भरून डबा बर्फाच्या पेटीत ठेवावा आणि घरी पोहोचताच कढईत पुन्हा परतावा. प्लास्टिकच्या पिशवीत गरम खवा बांधून घेतला, तर तो अमरावती येईपर्यंतच आंबूस होऊ लागतो.