कुठल्याही ठिकाणाहून किबल्याची (नमाज पढताना मक्केतल्या काबाकडे तोंड करतात, ती दिशा) अचूक दिशा कशी काढायची? मोबाईलचं होकायंत्र दर वेळी वेगळं दाखवतं

मोबाईलवर पूर्ण भरवसा ठेवू नका, कव्हरला मॅग्नेट असेल किंवा जवळ लोखंडी कपाट, गाडी असं काही असेल तर सुई सरळ चुकते. आधी कव्हर काढा, मोकळ्या जागी जा, फोन इंग्रजी आठसारखा फिरवा आणि मग बघा.

पण सगळ्यात खात्रीचा उपाय सूर्यच. २७-२८ मेला भारतीय वेळेनुसार दुपारी २:४८ ला सूर्य काबाच्या बरोब्बर डोक्यावर असतो. त्या मिनिटाला गच्चीवर ओळंब्याने सरळ काठी उभी करायची, मुंबईत तीन फुटी काठीची सावली साधारण पावणेदोन फूट पडते, तिच्या टोकाकडून काठीच्या बुडाकडे रेघ मारली की तीच किबल्याची दिशा. आम्ही घरी अशीच खडूने रेघ मारून ठेवलीय. १५-१६ जुलैला २:५७ ला परत तोच योग असतो पण कोकणात तेव्हा ऊन कुठलं!

मुंबईहून किबला म्हणजे नुसता पश्चिम नाही हां, पश्चिमेपासून जवळपास १० अंश उत्तरेकडे. आणि न्यूयॉर्कला असाल तर ईशान्येला तोंड करावं लागतं, सपाट नकाशावर हे चुकीचं वाटतं पण पृथ्वी गोल आहे, सर्वात जवळची वाट तिकडूनच जाते. गूगल अर्थवर काबापर्यंत मोजपट्टी ओढून बघा, तुमच्या घरासमोरचा कुठला रस्ता, कुठली बिल्डिंग त्या रेषेत येते तेही कळतं.