वाचकांचे प्रश्न : '२०२५ची सर्वोत्तम नवी मालिका कोणती? एकच नाव सांगा!'

प्रश्न : ताई, वर्ष संपता संपता समीक्षकांच्या 'सर्वोत्तम नव्या मालिका' अशा याद्यांचा पाऊस पडतो. प्रत्येकाची यादी वेगळी. मला रोज रात्री जेमतेम एक तास मिळतो. २०२५मधली खरंच सर्वोत्तम नवी मालिका कोणती? एकच नाव सांगा.

उत्तर : याद्या वेगळ्या दिसतात, पण पाच-सहा शेजारी ठेवून पाहिल्या की तीच ती नावं डोकावतात. मार्चमध्ये आलेली चार भागांची ब्रिटिश मालिका 'ॲडोलेसन्स', जानेवारीत सुरू झालेली 'द पिट', नोव्हेंबरमधली 'प्लुरिबस'. विनोदी मालिकांमध्ये 'द स्टुडिओ'. त्यातलं एकच नाव हवं असेल, तर माझं 'द पिट'.

पिट्सबर्गमधल्या एका रुग्णालयाचा तातडीच्या उपचारांचा विभाग, सकाळी सातला सुरू होणारी एकच पाळी, एका भागात एक तास, असे पंधरा भाग. कल्पना म्हणून यात फार नवं नाही, हे खरं. पण त्या घड्याळाचा वापर कसा केलाय ते बघा. डेना नावाची मुख्य परिचारिका आहे. ती दोन मिनिटं सिगारेट ओढायला बाहेर जाते आणि तासन् तास ताटकळून चिडलेला एक रुग्ण तिच्या तोंडावर ठोसा मारतो. एरवी मालिकांमध्ये पुढच्या भागात अशी जखम गायब झालेली असते. इथे पुढचा भाग म्हणजे फक्त पुढचा तास. त्यामुळे तो काळानिळा झालेला चेहरा घेऊनच ती खाटा मोजते, नव्या मुलांना ओरडते, नातेवाइकांशी बोलते. तिच्या मनात काय चाललंय हे कुणी बोलून दाखवत नाही. गरजही पडत नाही.

दुसरी गोष्ट कानाची. या मालिकेत पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. रडायचं कधी, हे व्हायोलिन सांगत नाही. यंत्रांचे आवाज आणि माणसांची बोलणी, त्यातूनच आपल्याला कळतं की कुणीतरी गेलं.

एक कबुली द्यायला हवी. पहिले दोन भाग बघून मी वहीत लिहिलं होतं, 'पात्रं फार, रोगी फार, दम लागतो' आणि मालिका सोडून दिली होती. एप्रिलमध्ये पंधराही भाग आल्यावर पुन्हा बसले, तेव्हा कळलं की तो दम लागणं हाच तिचा विषय आहे. म्हणून तुम्हालाही सांगते, चौथ्या भागाच्या आधी उठू नका. रोजचा एक तास या मालिकेला अगदी मापाचा आहे.

प्रश्न : एका मालिकेला संकेतस्थळावर ९५ टक्के होते. मोठ्या उत्साहानं लावली आणि दुसऱ्या भागात झोप लागली. समीक्षक पैसे घेऊन लिहितात का?

उत्तर : राग समजू शकते, पण घोळ बहुतेक वेळा त्या टक्केवारीच्या अर्थात असतो. समीक्षकांची परीक्षणं गोळा करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळावरचे ९५ टक्के म्हणजे १००पैकी ९५ गुण नव्हेत. १००पैकी ९५ समीक्षकांचं मत अनुकूल होतं, इतकाच त्याचा अर्थ. सगळ्यांनीच 'बरी आहे, बघायला हरकत नाही' असं लिहिलं, तरी आकडा १०० होतो! मेटाक्रिटिक या तशाच दुसऱ्या संकेतस्थळाचा हिशेब निराळा. तिथे प्रत्येक परीक्षणाचं १००पैकी गुणांत रूपांतर करून सरासरी काढतात आणि ती काढताना काही प्रकाशनांना जास्त वजन देतात. त्यामुळे एकच मालिका एका ठिकाणी ९५ आणि दुसऱ्या ठिकाणी ७२ दिसू शकते, आणि दोन्ही आकडे खरे असतात.

शिवाय मालिका प्रदर्शित व्हायच्या आधी समीक्षकांना अनेकदा सुरुवातीचे काही भागच दाखवतात. पहिल्या दिवशीचा आकडा त्या भागांचा असतो, पूर्ण मालिकेचा नाही. वर्षअखेरीच्या याद्या त्या मानाने भरवशाच्या, पण तिथेही अडचण येते. 'प्लुरिबस'चा शेवटचा भाग डिसेंबर संपत आला तेव्हा आला, आणि तोवर बऱ्याच याद्या छापूनही झाल्या होत्या. जगातली मूठभर माणसं सोडून सगळी मानवजात एकाच आनंदी मनात विरघळून जाते आणि त्या मूठभरांतली एक चिडखोर लेखिका एकटी पडते, ही कल्पना पहिल्याच भागात पकड घेते, याबद्दल माझं दुमत नाही. रिया सीहॉर्ननं ती एकटी बाई विलक्षण केली आहे. पण अर्ध्या वाटेवर 'वर्षातली सर्वोत्तम' म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

प्रश्न : एमी मिळालं म्हणजे समीक्षकांची पसंती मिळाली, असंच ना?

उत्तर : नाही. एमी म्हणजे अमेरिकी टीव्हीचा मोठा पुरस्कार; त्याला मतं देतात ती टेलिव्हिजन अकॅडमीचे सदस्य, म्हणजे याच धंद्यात काम करणारी माणसं. अमेरिकेतल्या टीव्ही समीक्षकांच्या संघटनेचे स्वतःचे पुरस्कार वेगळे. त्यांच्यात नव्या मालिकेसाठी स्वतंत्र विभागही आहे. कधी दोघांचं जुळतं. २०२५च्या सप्टेंबरमध्ये एमीचे तिन्ही मोठे मान, नाट्य, विनोदी आणि मर्यादित भागांची मालिका, 'द पिट', 'द स्टुडिओ' आणि 'ॲडोलेसन्स' या पहिल्याच वर्षातल्या मालिकांना गेले. कधी अजिबात जुळत नाही. २००२ साली सुरू झालेली 'द वायर' पाच सीझन आणि ६० भाग चालली, समीक्षक आजही तिचं नाव आदरानं घेतात, आणि तिला एकही एमी नाही.

प्रश्न : 'ॲडोलेसन्स'चं सगळीकडे कौतुक वाचलं. माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे. त्याला दाखवावी का? की त्याच्यापासून लपवून ठेवावी? खरं सांगा.

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. मालिकेतला जेमी तेरा वर्षांचाच आहे. वर्गातल्या एका मुलीच्या खुनाच्या संशयावरून भल्या पहाटे पोलीस त्याच्या घरात घुसतात आणि भेदरलेल्या पोराची पँट ओली झालेली असते. सुरुवातच तिथून.

प्रत्येक भाग एकाच सलग चित्रणात घेतलेला आहे, कुठेही काट नाही. याचं तांत्रिक कौतुक भरपूर झालं. मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच : आपल्याला नजर वळवायला जागाच उरत नाही. तिसरा भाग बघा. एक खोली, जेमी आणि त्याला भेटायला आलेली मानसशास्त्रज्ञ. तिनं त्याच्यासाठी हॉट चॉकलेट आणलंय, स्वतःच्यातलं अर्धं सँडविच दिलंय. तो हसतो, लाडात येतो, आणि पुढच्या क्षणी अंगावर धावून जातो. शेवटी खोलीत ती एकटी उरते. त्यानं चावा घेतलेल्या सँडविचला हात लावते आणि झटकन मागे घेते. तोवर इतका वेळ तिनं धरून ठेवलेला धीर त्या एका हालचालीत सुटतो. जेमी झालेल्या ओवेन कूपरचं कॅमेऱ्यासमोरचं हे पहिलंच काम, आणि सगळ्यात आधी चित्रित झाला तो हाच भाग.

ब्रिटनमध्ये ही मालिका माध्यमिक शाळांना मोफत उपलब्ध करून दिली गेली. म्हणजे मुलांनी ती बघूच नये असं तिथे कुणाला वाटलं नाही. पण शाळेत बघणं म्हणजे शिक्षकांसोबत बघणं. त्यामुळे लपवू नका, आणि एकट्याला तर मुळीच लावून देऊ नका. आधी तुम्ही बघा, चारही भाग. मारहाण पडद्यावर फार नाही, पण पहिल्या भागाच्या शेवटी पोलीस जे चित्रीकरण दाखवतात ते मनातून जात नाही. तुमचं पोर ते पेलेल का, हे तुमच्याइतकं मला कळणार नाही.

दाखवायचं ठरलं तर शेजारी बसा. दुसऱ्या भागात पोलीस अधिकाऱ्याचा मुलगाच बापाला समजावतो की मोबाइलवरच्या त्या छोट्या चित्रांचे, इमोजींचे अर्थ शाळेत काय लावतात. बाप अवाक् होतो. तिथे थांबवा आणि त्याला विचारा, 'तुमच्या वर्गात यांचा अर्थ काय?' पुढचा भाग दुसऱ्या दिवशी लावला तरी चालेल.