बागेचे प्रश्न : सोनटक्का, सावली आणि खानदेशचा उन्हाळा

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीच सोनटक्क्याविषयी आहेत. कोकणातून किंवा घाटावरून कोणीतरी हौसेने गड्डा आणून दिलेला असतो, पहिल्या पावसाळ्यात तो जोमाने फुटतो, आणि पुढच्या वैशाखात करपलेल्या दांड्यांकडे पाहत बसण्याची वेळ येते. सर्व पत्रांना स्वतंत्र उत्तरे देणे शक्य नसल्यामुळे चोपड्याहून आलेल्या सविस्तर पत्राला येथे अधिक जागा दिली आहे आणि इतर प्रश्न त्यामागून थोडक्यात घेतले आहेत.

प्रश्न : आमच्या घरामागे, उत्तरेच्या बाजूला, दहा-बारा फूट रुंदीची जागा आहे. तिच्या पश्चिम टोकाला कडूनिंबाचे मोठे झाड आहे. माझ्या माहेराहून, म्हणजे रत्नागिरीकडून, आणलेले सोनटक्क्याचे गड्डे निंबाखाली लावले आहेत. मोरीचे पाणी तिकडे सोडलेले असल्याने पाण्याची कमतरता नाही. पावसाळ्यात झाडे कंबरेएवढी वाढतात, पण फुले येत नाहीत आणि उन्हाळ्यात पाने टोकांपासून करपत जातात. माहेरी हेच झाड विहिरीच्या कडेला माणसाच्या उंचीचे होऊन फुलते. आमच्याकडे सावली कमी पडते की पाणी? — एक वाचक, चोपडा

उत्तर : सावली आपल्याकडे भरपूर आहे, किंबहुना नको त्या महिन्यांत ती अधिकच आहे. पाणीही आपण देत आहात. सोनटक्क्याला खानदेशात कमी पडतो तो हवेतला ओलावा, आणि तो बादलीने घालता येत नाही. हळद आणि आले ज्या कुळातली, त्याच कुळातले हे झाड मूळचे पूर्व हिमालय आणि त्यापलीकडच्या दमट प्रदेशातले असून ओढ्याकाठी, मोठ्या झाडांच्या विरळ सावलीत वाढण्याची त्याला सवय आहे. त्याची पाने लांब आणि पातळ असतात, त्यामुळे मार्चपासून पश्चिमेकडून येणाऱ्या कोरड्या झळा सुरू झाल्या की मुळे जितके पाणी ओढतात त्याहून अधिक पाणी पानांतून उडून जाते. मुळाशी चिखल असला तरी पान टोकाकडून वाळते ते यामुळेच. पारा बेचाळीस-पंचेचाळीस अंशांवर असताना केवळ सावली करून हा प्रश्न सुटत नाही, वारा अडवावा लागतो. रावेर-यावल भागातले केळीचे बागायतदार बागेच्या कडेने शेवरीची दाट ओळ लावतात, ती काही शोभेसाठी नव्हे. आपल्या परसात तेवढी जागा नसेल तर पश्चिमेच्या बाजूने पाच-सहा फूट उंचीचा तट्ट्या किंवा हिरवी जाळी बांधली तरी चालेल. निंबाचा वारा अडवण्यासाठी उपयोग होईल असे वाटते, परंतु त्याचा पसारा वर असतो आणि झळ खालून, बुंध्याच्या बाजूने, निघून येते.

आता फुलांचा प्रश्न. उत्तरेकडच्या जागेला बारमाही सावली असते अशी समजूत आहे, ती आपल्या अक्षांशावर खरी ठरत नाही. मेअखेरीस आणि जूनमध्ये सूर्य चोपड्याच्या जवळजवळ डोक्यावरून, किंचित उत्तरेकडूनच, जातो, त्यामुळे त्या दिवसांत घराच्या उत्तर बाजूला ऊन चांगले पोहोचते. भाद्रपद-आश्विनात मात्र सूर्य दक्षिणेकडे झुकतो आणि घराची सावली नेमकी त्या पट्ट्यावर पडू लागते. म्हणजे झाडाला जपायचे तेव्हा ऊन, आणि कळी धरायची तेव्हा अंधार, अशी आपल्या सोनटक्क्याची अवस्था झालेली आहे. त्यात निंबाचा पर्णभार. दाट सावलीत हे झाड पाने वाढवते, दांडे लांब आणि लुळे होतात, पण शेंड्याला कणीस येत नाही. त्याला सकाळचे तीन-चार तासांचे कोवळे ऊन लागते, आणि दहा-अकरानंतर सावली असली तर ते अगदी खूश असते.

निंबाविषयी आणखी एक सांगणे आवश्यक आहे. त्याची मुळे दूरवर पसरतात आणि आपण सोनटक्क्यासाठी घातलेल्या पाण्यावर व खतावर पहिला हात तीच मारतात. तेव्हा गड्डे निंबाखालून काढून जागेच्या पूर्वेच्या टोकाला, जेथे सकाळी ऊन येते, तेथे हलवावेत हे उत्तम.

मोरीच्या पाण्याबाबत मी स्पष्टच लिहितो : ते तोडा. भाज्या-तांदूळ धुतलेले पाणी चालते, परंतु कपड्यांच्या आणि भांड्यांच्या साबणात सोडियमचे क्षार असतात. ते काळ्या मातीत साठत गेले की माती चिकट होते, तिच्यातून पाणी खाली झिरपेनासे होते आणि मुळांना हवा मिळत नाही. ओलावा आवडणारे झाड म्हणजे पाण्यात उभे राहणारे झाड असा अर्थ आपल्याकडे सर्रास घेतला जातो. काठाने वाहत्या ओढ्याच्या पाण्यात हवा असते, आपल्या काळ्या जमिनीत श्रावणात साचून राहिलेल्या पाण्यात ती नसते, आणि तेथे गड्डा आतून मऊ पडून कुजतो. नव्या जागी फूटभर खोल खड्डा करून तो पाण्याने भरावा. रात्रभरात पाणी जिरले तर जागा ठीक समजावी. सकाळीही पाणी तसेच दिसले, तर हळदीला करतात तसा नऊ इंच ते फूटभर उंचीचा गादीवाफा करूनच लागवड करावी. मातीत चांगले कुजलेले शेणखत आणि पालापाचोळ्याचे खत सढळ हाताने मिसळावे. नुसती वाळू घालू नये, कारण थोडी वाळू मिसळलेली काळी माती वाळल्यावर अधिकच घट्ट बसते.

गड्डे उकरताना त्यांच्याकडे नीट पाहावे. जिवंत गड्डा जाड, आडवा, गाठीगाठींचा असतो. त्यावर गुलाबीसर पांढरे डोळे दिसतात आणि नखाने खरवडल्यास आल्याशी नाते सांगणारा वास येतो. जो भाग दाबल्यावर दबतो किंवा कुबट वास देतो, तो कापून फेकून द्यावा. प्रत्येक तुकड्यावर दोन-तीन डोळे ठेवून, कापलेली बाजू एक-दोन दिवस सावलीत सुकू द्यावी आणि दीड-दोन इंचांपेक्षा खोल न पुरता दीड-दोन फुटांवर लागवड करावी. खोल पुरलेले गड्डे फुटायला वेळ घेतात, आणि आपल्याकडे वेळच कमी असतो.

तो कसा, ते सांगतो. कोकणात सोनटक्का बाराही महिने हिरवा राहू शकतो. खानदेशात त्याला तसे जगवायचे तर उन्हाळाभर दोन वेळा पाणी, वारा अडवणारा आडोसा आणि इतकी उस्तवार करावी लागते की त्यापेक्षा त्याला झोपू द्यावे असे माझे मत आहे. माघात दांडे पिवळे पडू लागले की ते जमिनीलगत कापावेत, वाफ्यावर वाळलेल्या केळीच्या पानांचा चार-पाच इंचांचा थर द्यावा आणि आठवड्यातून एकदा, गड्डा सुरकुतणार नाही इतकेच, पाणी द्यावे. आखाजी (अक्षय्य तृतीया) झाल्यावर पाणी हळूहळू वाढवावे, म्हणजे रोहिणीच्या सुमारास कोंब वर येतात आणि मृगाचा पाऊस पडेल तेव्हा झाड तयार असते. नुसत्या पावसावर सोडलेले झाड जूनअखेर किंवा जुलैत फुटते, त्याची उंची पुरी होईपर्यंत पाऊस सरतो आणि कणीस येण्याआधीच कोरडी हवा सुरू होते. जळगाव परिसरात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तोही बहुतांश चार महिन्यांत, हे लक्षात घेतले तर मेमधल्या त्या पाण्याचे महत्त्व कळेल. पावसाने पंधरा-वीस दिवस ओढ दिली, तर त्या काळात मात्र एक दिवसाआड भरपूर पाणी हवेच.

प्रश्न : नवी पाने फिकट पिवळी येतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. युरिया दिला, चुलीची राखही घातली, पण फरक नाही. पाणी बोअरचे आहे. — एक वाचक, अमळनेर

उत्तर : आपण केलेले वर्णन लोहाच्या कमतरतेचे आहे. चुनखडीयुक्त काळ्या मातीत लोह असते, पण ते मुळांना घेता येईल अशा स्वरूपात राहत नाही, आणि बोअरच्या जड पाण्याने ही अडचण वाढते. राखेने माती आणखी अल्कधर्मी होते म्हणून ती बंद करावी. एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि चिमूटभर लिंबूसत्त्व विरघळवून सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर पानांच्या दोन्ही बाजूंवर फवारावे. दहा-बारा दिवसांच्या अंतराने दोन-तीन फवारे पुरतात. द्रावण तांबूस झाले असेल तर ते निरुपयोगी झाले असे समजावे आणि त्याच दिवशी केलेलेच वापरावे. पावसाळ्यात छपराचे पाणी टाकीत धरता आले तर या झाडासाठी त्याहून चांगले पाणी नाही. युरियाने हिरवळ वाढते, फुले नव्हेत. त्याऐवजी जुलैत आणि पुन्हा ऑगस्टमध्ये प्रत्येक ठोंबाला मूठभर निंबोळी पेंड व ओंजळभर शेणखत द्यावे. खालची जुनी पाने दिवाळीनंतर सबंध पिवळी पडत असतील तर मात्र काही करू नये, तो झाडाचा विश्रांतीकडे जाण्याचा क्रम आहे.

प्रश्न : मधला कोंब वाळतो, ओढला की हातात येतो. दांड्याला बारीक छिद्र असून तेथे भुसा दिसतो. आमच्या शेतात हळद आहे. — एक वाचक, शहादा

उत्तर : हळदीवरची खोड पोखरणारी अळीच येथे आलेली आहे. तिला दोन्ही झाडे सारखीच. छिद्राच्या खाली निरोगी भाग दिसेपर्यंत दांडा कापावा आणि अळीसह नष्ट करावा, खतखड्ड्यात टाकू नये. जुलै ते ऑक्टोबर दर पंधरवड्याला पाच टक्के निंबोळी अर्क फवारल्यास पतंग अंडी घालण्याचे प्रमाण घटते. ओढलेल्या कोंबाच्या बुडाला घाण वास येत असेल आणि छिद्र नसेल, तर तो कंदकुजीचा प्रकार आहे. त्या जागेतले पाणी काढून द्यावे, आजारी ठोंब मातीसकट उचलावा आणि उरलेल्यांना शेणखतात वाढवलेला ट्रायकोडर्मा (रोगकारक बुरशीला आवर घालणारी उपयुक्त बुरशी) द्यावा. हळदीच्या ज्या वाफ्यात कंदकूज झालेली असेल तेथे सोनटक्का लावू नये, आणि उलटही करू नये.

प्रश्न : धुळ्यात तिसऱ्या मजल्यावर पूर्वेकडे गॅलरी आहे. कुंडीत येईल का? फुले केव्हा तोडावीत? — एक वाचक, धुळे

उत्तर : येईल, उंची मात्र जमिनीतल्यापेक्षा कमी राहील. किमान सोळा इंच तोंडाची, खोलीपेक्षा रुंदीला अधिक अशी कुंडी घ्यावी, कारण गड्डे आडवे पसरतात. उन्हाळ्यात सिमेंटच्या भिंतीपासून कुंडी हातभर दूर ठेवावी. दोन वर्षांनी गड्डे कुंडीच्या कडेला भिडतात, तेव्हा ते आखाजीच्या सुमारास विभागावेत.

फुलांचे म्हणाल तर शेंड्याला हिरव्या खवल्यांचे, कौलांसारखे एकावर एक बसलेले कणीस येते. प्रत्येक खवल्याच्या आड एकाहून अधिक कळ्या असतात आणि त्या एकामागून एक बाहेर पडतात, त्यामुळे एक कणीस बरेच दिवस फुलत राहते. कळी दुपारी लांब, टोकदार आणि हिरवट पांढरी दिसते. संध्याकाळी ती उमलते, वास रात्री सर्वांत दाटतो आणि दुसऱ्या दिवशी फूल पिवळसर होऊन मलूल पडते. गजऱ्यासाठी किंवा गौरीसाठी हवी असतील तर चार-पाचच्या सुमारास फुगलेल्या कळ्या खुडून ओल्या फडक्यात ठेवाव्यात. कणीस मोडू नये. सगळ्या कळ्या संपल्या की तो दांडा बुडापासून कापावा, कारण एकदा फुललेला दांडा पुन्हा फुलत नाही आणि नव्या कोंबांची जागा मात्र अडवतो.

प्रश्न : आमच्या जागेत सकाळचे ऊनसुद्धा येत नाही, आणि उन्हाळ्यात पाणी टँकरचे. उंच वाढणारे दुसरे एखादे फुलझाड सुचवावे. — एक वाचक, नंदुरबार

उत्तर : अशा जागी सोनटक्क्याचा हट्ट धरू नये. हेलिकोनियाही नको, झळांनी त्याची पाने चिंध्या होतात, आणि कर्दळीला ऊन हवे. आपण पेव लावावे. ओलसर जंगलात झाडांखाली पावसाळ्यात वर येणारी ही वनस्पती आहे. तिच्या दांड्यावर पाने जिन्यासारखी गोल फिरत वर जातात, शेंड्याला लालसर खवल्यांचे कणीस येते आणि त्यातून पांढरी, कडेला चुण्या असलेली नाजूक फुले निघतात. वास नसतो, ही उणीव मान्य केली पाहिजे. परंतु ती सोनटक्क्यापेक्षा अधिक सावली सहन करते आणि हिवाळ्यात वरचा भाग पूर्ण वाळून कंद जमिनीखाली झोपतो, त्यामुळे टँकरचे पाणी तिच्यावर खर्च करावे लागत नाही. कंद जंगलातून उपटून आणू नयेत, रोपवाटिकेतून घ्यावेत आणि पहिला चांगला पाऊस झाल्यावर लावावेत. लावलेल्या जागेवर खूण म्हणून काठी रोवून ठेवावी, नाहीतर फाल्गुनात मोकळी जागा समजून कोणीतरी तेथेच कुदळ मारतो.